‘बीड’ म्हणजे गाव की लोखंड?

पावसाळा सरत आला की बीड जिल्ह्यातल्या एखाद्या आठवडी बाजारात पाच मिनिटे नुसते कान देऊन उभे राहा. बालाघाटच्या डोंगरउतारावरची सीताफळे पाट्या भरभरून मांडलेली असतात आणि विकणारी बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत असते. बरोबर लहान मूल असलेल्या गिऱ्हाइकाला ती म्हणते, “घ्या ताई, साखर आहे साखर!” म्हातारे गृहस्थ दिसले की म्हणते, “मऊ गर आहे बाबा, चावायचं कामच नाही.” आणि पिशवी घेऊन एस.टी. स्टँडकडे निघालेल्याला सांगते, “कडक बघून देते दादा, परवा पिकतील. वाटेत फुटायची नाहीत.”

फळ तेच, पाटी तीच. पण शब्द तिन्ही वेळा निराळे. समोरच्या माणसाला काय हवे आहे हे तिने त्याच्या चेहऱ्यावरून ओळखले आणि त्या गरजेला जुळणारी, तरीही खरी असलेली गोष्ट सांगितली. जाहिरातीचा मजकूर लिहिणे म्हणजे नेमके हेच. या धंद्यात अशा मजकुराला ‘कॉपी’ म्हणतात. परीक्षेतली कॉपी नव्हे हं! ती करणाऱ्याला शिक्षा होते, ही करणाऱ्याला पगार मिळतो.

आता असे समजा, की तुमच्या घरची सीताफळाची वीस झाडे धारूरच्या बाजूला डोंगरावर आहेत. सीताफळ झाडावरून उतरवले की थोड्याच दिवसांत मऊ पडते. तेवढ्या वेळात ते विकले गेले नाही तर ते मातीमोल होते. पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाला अशीच फळे हवी आहेत आणि ते मोबाइलवर शोधत आहेत. तुम्ही आपल्या फळांची माहिती इंटरनेटवर लिहून ठेवली. पण त्या कुटुंबाचा चेहरा तुम्हाला दिसत नाही आणि तुमची हाक त्यांना ऐकू जात नाही. मध्ये एक यंत्र उभे आहे. ते तुमचा मजकूर वाचते, त्यांचे शब्द वाचते आणि दोघांची गाठ घालून द्यायची की नाही हे ठरवते. त्या यंत्राला सीताफळाची चव ठाऊक नसते. मग ते गाठ घालते कशी?

यंत्राची शब्दसूची

तुमच्या विज्ञानाच्या जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. ‘प्रकाशसंश्लेषण’ कोणकोणत्या पानांवर आहे, हे पाहायला सारे पुस्तक चाळावे लागत नाही. शोधयंत्रही, म्हणजे ज्याला आपण सर्च इंजिन म्हणतो तेही, हेच करते. ते आधीच जगभरची पाने वाचून एक प्रचंड शब्दसूची तयार ठेवते. तुम्ही प्रश्न टाकता तेव्हा ते सारे जग धुंडाळत नाही. आपली सूची उघडते. म्हणूनच उत्तर क्षणात येते.

पण यंत्राला अक्षरे दिसत नाहीत, त्याला दिसतात आकडे. युनिकोड नावाची एक जागतिक सारणी आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. ब म्हणजे २३४८, दीर्घ ईकार म्हणजे २३६८ आणि ड म्हणजे २३३७. तेव्हा ‘बीड’ हा शब्द यंत्राच्या लेखी २३४८, २३६८, २३३७ असा आहे. आता कोणी घाईत ऱ्हस्व वेलांटी देऊन ‘बिड’ लिहिले, तर मधला आकडा २३६७ होतो. फरक अवघ्या एकाचा, पण साध्या यंत्राच्या दृष्टीने हा निराळाच शब्द! ल आणि ळ यांचेही तसेच : एक २३५४, दुसरा २३५५. त्यामुळे ‘सीताफळ’ लिहिणारा आणि ‘सीताफल’ शोधणारा यांची गाठ पडेलच असे नाही. शुद्धलेखनाला गुण का असतात, याचे आणखी एक कारण तुम्हाला मिळाले!

यावरून एक जुनी अडचणही कळेल. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठी मजकूर अनेक निरनिराळ्या फाँटांत टाइप होत असे. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसे, पण आत साठवलेला आकडा एखाद्या रोमन अक्षराचा असे. माणसाला तो मजकूर वाचता येई, शोधयंत्राला मात्र तो निरर्थक अक्षरांचा ढीग वाटे. असा बराच मजकूर असूनही नसल्यासारखा झाला. आजही काही जण सूचना छापून तिचा फोटो टाकतात. चित्रातली अक्षरे ओळखण्याची युक्ती यंत्रांना आता येते, पण अक्षरे नक्षीदार असली किंवा फोटो तिरका असला की ती चुकतात. म्हणून चित्राबरोबर तोच मजकूर टाइप करून देणे केव्हाही चांगले.

एका गावाची चार नावे

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येऊ. घरात बिडाचा तवा असेल तर तो उचलून पाहा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असते, म्हणून ते कठीण पण ठिसूळ असते आणि तवा दगडावर पडला तर तडकतो. आणि बीड हे आपल्या जिल्ह्याचेही नाव! ‘बीड भाव’ असे दोनच शब्द कोणी टाकले, तर त्याला भंगारातल्या बिडाचा भाव हवा आहे की बीडच्या बाजार समितीतला कापसाचा?

माणूस हा घोटाळा सहज सोडवतो. ‘बिडाचा तवा’ आणि ‘बीडचा बाजार’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. धातू असेल तर शब्दाचे सामान्यरूप होते, गाव असेल तर नाव तसेच राहते. यंत्राला मात्र शेजारचे शब्द पाहूनच अंदाज बांधावा लागतो. ‘तवा’, ‘ओतकाम’, ‘भट्टी’ हे शब्द जवळ असतील तर धातू. ‘जिल्हा’, ‘तालुका’, ‘अंबाजोगाई’, ‘परळी’ असतील तर गाव.

रोमन लिपीत तर घोटाळा आणखी वाढतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना इंग्रजी कागदपत्रांत हा जिल्हा ‘भीर’ असा लिहीत. २०११ च्या जनगणनेत त्याचे स्पेलिंग बी-आय-डी असे आहे. आणि या स्पेलिंगचा इंग्रजी शब्द म्हणजे लिलावातली बोली! आज सर्वत्र बी-ई-ई-डी असे लिहितात. गाव एक, पण त्याच्याकडे जाणाऱ्या शब्दांच्या वाटा अनेक.

फळाचीही तीच गत आहे. सीताफळ मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. त्याचे शास्त्रीय नाव ॲनोना स्क्वामोसा. आपल्याकडे इंग्रजीत त्याला कस्टर्ड ॲपल म्हणतात. पण इतर अनेक देशांत ते शुगर ॲपल असते आणि कस्टर्ड ॲपल म्हणजे आपले रामफळ! दिल्लीकडे भाजीवाल्याकडे ‘सीताफल’ मागितले तर तो लाल भोपळा काढून देईल. आपले फळ हवे असेल तर तिथे ‘शरीफा’ म्हणावे लागते. तेव्हा दिल्लीच्या गिऱ्हाइकासाठी मजकूर लिहिताना ‘शरीफा’ हा शब्द घालणे म्हणजे शोभा नव्हे, ती गरज आहे. लिहिणाऱ्याचा पहिला नियम हा : आपण वस्तूला काय म्हणतो ते बाजूला ठेवा, शोधणारा तिला काय म्हणतो ते आधी विचारा.

कोणता शब्द वजनदार?

शब्द तर जुळले, पण जुळलेली पाने हजारो असली तर? पहिले कोणते दाखवायचे? इथे तुमचा गणिताचा तास उपयोगी पडतो.

कॅरन स्पार्क जोन्स नावाच्या ब्रिटिश विदुषीने १९७२ साली एक साधी पण फार मोलाची कल्पना मांडली. जो शब्द थोड्या लेखांत येतो तो जास्त माहिती देतो. जो सगळीकडे येतो तो काहीच सांगत नाही. समजा, एकूण १००० पाने आहेत. ‘आहे’ हा शब्द सगळ्या १००० पानांवर आहे, ‘फळ’ १०० पानांवर, ‘सीताफळ’ १० पानांवर आणि ‘धारूर’ फक्त एका पानावर. एकूण पानांच्या संख्येला त्या शब्दाच्या पानांनी भागा आणि भागाकाराचे १० या पायाचे लॉगरिदम घ्या. ‘आहे’चे वजन येते शून्य, ‘फळ’चे १, ‘सीताफळ’चे २ आणि ‘धारूर’चे ३.

आता पाहा. “आमची फळे उत्तम आहेत” या वाक्यात वजनदार शब्द एकही नाही. असे वाक्य कोणीही, कुठल्याही फळाबद्दल लिहील. “धारूर तालुक्यातील डोंगरी सीताफळे, तोडणी सकाळी, पाठवणी त्याच दिवशी” या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक शब्द काम करतो. नेमके लिहा, असे मराठीचे शिक्षक का सांगतात ते आता लॉगरिदमच्या कोष्टकानेही सिद्ध झाले!

युक्त्या आणि त्यांचा शेवट

यंत्र शब्द मोजते हे कळताच काही लोकांनी लबाडी सुरू केली. एकाच पानावर ‘सीताफळ सीताफळ सीताफळ’ असे शंभर वेळा लिहायचे. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच रंगात शब्द लिहायचे, म्हणजे माणसाला दिसणार नाहीत पण यंत्र मोजेल. काही काळ हे खपले. मग यंत्र बनवणाऱ्यांनी मोजणीची रीत बदलली.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली. त्यांच्या रीतीचा गाभा असा होता की पान स्वतःबद्दल काय म्हणते एवढेच पाहू नका. दुसरी कोणती पाने त्याच्याकडे बोट दाखवतात तेही पाहा. एखादा डॉक्टर चांगला आहे हे आपण त्याच्या पाटीवरून ठरवत नाही, चार शहाण्या माणसांना विचारतो, तसेच हे. मग लोक खोटी बोटे दाखवणारी पाने बनवू लागले. २०११ साली गूगलने पोकळ, भरताड मजकुराची पाने मागे ढकलणारी सुधारणा आणली. अशी ही शिवाशिवी अजून चालू आहे.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्राला फसवण्यासाठी लिहिलेला मजकूर दर वेळी नियम बदलला की कोसळला. माणसाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिलेला मजकूर मात्र बहुधा टिकला, कारण नियम बदलणाऱ्यांचा प्रयत्नही असा मजकूर ओळखण्याचाच होता.

शब्दाकडून प्रश्नाकडे

पूर्वी लोक शोधताना तुटक शब्द टाकत : ‘सीताफळ भाव बीड’. मग मोबाइल घरोघर पोहोचला. २०१७ साली गूगलचे बोलून शोधणे मराठीत आले, आणि ज्याला टाइप करता येत नाही तोही प्रश्न विचारू लागला. बोलताना कोणी तुटक शब्द बोलत नाही, माणूस पुरे वाक्य बोलतो : “सीताफळ पिकलं हे कसं ओळखायचं?” यंत्रांनाही पुरे वाक्य समजण्याची गरज पडली. २०१९ च्या अखेरीस गूगलने शेजारच्या शब्दांवरून अर्थ लावणारी बर्ट नावाची पद्धत सत्तरहून अधिक भाषांत वापरायला घेतली. त्यांत मराठीही होती. ‘सीताफळाचा’, ‘सीताफळांना’, ‘सीताफळे’ ही एकाच फळाची रूपे आहेत हे यंत्राला आता बऱ्यापैकी कळते.

त्याबरोबर लिहिण्याची रीत बदलली. नुसती स्तुती मागे पडून प्रश्न आणि त्याचे सरळ उत्तर पुढे आले. फळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंद होऊन पिवळसर दिसू लागल्या, म्हणजे सीताफळाचे डोळे उघडले, की ते तोडायला आले, हे सांगणारे चार ओळींचे टिपण “सर्वोत्तम सीताफळ” या मोठ्या अक्षरांपेक्षा जास्त गिऱ्हाइके आणू शकते.

प्रश्नांनाही हंगाम असतो. पावसाळ्यात लोक विचारतील की सीताफळ केव्हा येते. भर हंगामात भाव विचारतील. शेवटी गर काढून कसा साठवावा हे विचारतील. अशा लाटा पाहण्यासाठी गूगल ट्रेंड्स हे साधन २००६ पासून आहे. त्यातला आलेख वाचताना एक सावधगिरी हवी. त्यात १०० म्हणजे शंभर लोक नव्हेत. निवडलेल्या काळात त्या शब्दाला सर्वांत जास्त मागणी असलेल्या वेळेला १०० धरतात आणि बाकीची मागणी त्या प्रमाणात दाखवतात. आणि पान लाटेच्या आधी लिहून ठेवावे लागते, कारण यंत्राने येऊन ते सूचीत नोंदवायला वेळ लागतो. पेरणी पावसाच्या आधी तयार हवी, तसेच हे.

मोजून पाहण्याची ही कल्पना मात्र इंटरनेटहून जुनी आहे. अमेरिकेतले जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या काळी जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठवायचे कूपन असे. दोन निरनिराळे मथळे छापायचे, कूपनवर निरनिराळी खूण करायची आणि कोणती कूपने जास्त येतात ते मोजायचे. प्रयोगशाळेत तुम्ही एकच घटक बदलून निरीक्षण करता, तोच हा प्रयोग.

जिथे चूक महागात पडते

आतापर्यंत आपण फळांबद्दल बोललो. आता फळांहून मोलाचे उदाहरण पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आईबापांबरोबर मूल गेले की त्याची शाळा बुडते. ते गावातच राहून शिकावे यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे.

अशा योजनेची सूचना बहुधा या भाषेत निघते : “स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या पाल्यांकरिता हंगामी निवासव्यवस्थेबाबत.” एकही शब्द चुकीचा नाही. पण गाडी उद्या निघायची आहे आणि आई मोबाइलला विचारते आहे, “आम्ही तोडीला गेल्यावर लेकरं कुठं ठेवायची?” या वाक्यात ‘स्थलांतरित’ नाही, ‘पाल्य’ नाही, ‘निवासव्यवस्था’ नाही. आजची यंत्रे अर्थाने जुळवण्याचा प्रयत्न करतात, पण बोलीतल्या मराठीत ती अजून अडखळतात. सूचनेत एवढी एक ओळ वाढवली असती तर? “आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांची राहण्याची, जेवणाची आणि शाळेची सोय गावातच होईल. नाव कोणाकडे द्यायचे ते खाली दिले आहे.” ही ओळ यंत्रालाही सापडेल आणि आईलाही कळेल. फळांची जाहिरात सापडली नाही तर पाटीभर फळे नासतात. इथे एका मुलाचे वर्ष जाते.

आता यंत्रच उत्तर देते

अगदी अलीकडे आणखी एक पालट झाला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि २०२४ पासून भारतातही गूगल अनेक प्रश्नांना पानांच्या यादीच्या वर स्वतःच जुळवलेले उत्तर देऊ लागले. वाचणारा मूळ पानापर्यंत येईलच असे आता नाही. मग लिहिण्याचा उपयोग काय?

उपयोग असा की यंत्राला तपशील स्वतः शोधून काढता येत नाही. तो कोणीतरी पाहिलेला आणि लिहिलेला असावा लागतो. तुमच्या डोंगरावरचे सीताफळ कोणत्या आठवड्यात उतरते हे तुम्ही लिहिले नाही, तर यंत्र गप्प बसण्याऐवजी भलतेच काही ठामपणे सांगण्याचा संभव असतो. म्हणून आजच्या मजकुरात चार गोष्टी हव्यात : कोण सांगतो, कुठले सांगतो, केव्हा लिहिले आणि कशावरून.

खरेपणाला इथे कायद्याचाही आधार आहे. ‘बीड सीताफळ’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या प्रदेशातल्या फळाला हे नाव लावून विकता येत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने एखादा शब्द केवळ जास्त शोधला जातो म्हणून वापरायचा नसतो. तो आपल्या मालाला लागू आहे का हे आधी पाहायचे असते. बाजारातली बाईही कडक फळाला ‘आज खायला घ्या’ म्हणत नाही. कारण गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत येणार असते!

करून पाहा

यासाठी संगणकाची गरज नाही. वर्गातल्या दहा जणांनी दहा कार्डांवर आपल्या गावातल्या एकेका गोष्टीची चार ओळींची सूचना लिहावी : रक्तदान शिबिर, पुस्तकपेढी, वसतिगृह, पाणी सुटण्याची वेळ असे काहीही. प्रत्येक कार्डाला क्रमांक द्या. मग सगळ्या शब्दांची सूची करा आणि प्रत्येक शब्दापुढे कार्डांचे क्रमांक लिहा. तुमचे शोधयंत्र तयार झाले.

आता घरी जा. आजी, आजोबा, शेजारच्या काकू यांना ती माहिती हवी असेल तर ते कोणत्या शब्दांत विचारतील ते विचारा आणि जसेच्या तसे लिहून आणा. त्या शब्दांनी तुमच्या सूचीत शोधा. दहापैकी किती प्रश्नांना योग्य कार्ड सापडले? जी कार्डे सापडली नाहीत ती लोकांच्या शब्दांत पुन्हा लिहा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारीशेजारी मांडा.

आणि त्यांतली सगळ्यांत चांगली सूचना वहीत ठेवू नका. गुरुजींना दाखवा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून द्या.